उलटं हँडल, सुलटं वळण

पैनगंगेचा पूल ओलांडून आदिलाबादेत शिरलं की राष्ट्रीय महामार्ग ४४ सरळसोट पळतो. इथे ६४८ सीसीची इंटरसेप्टर मोटारसायकल नुसती गुरगुरत राहते. तिच्या क्रँकवर दोन पिस्टनांमध्ये २७० अंशांचा फरक ठेवलाय. त्यामुळे स्फोट समान अंतराने होत नाहीत. एकदा २७० अंशांनी, मग ४५० अंशांनी. तो लंगडा ठेका यातूनच येतो.

खरी गंमत निर्मलजवळच्या महबूब घाटात. दोनशे किलोंची ही गाडी अंगणात ढकलताना घाम फुटतो, घाटात मात्र तळहाताच्या दाबावर कलते. कशी? डावं वळण आलं की डावी मूठ हलकेच पुढे ढकलायची. हो, पुढे! चाक क्षणभर उजवीकडे वळतं, टायर खालून उजवीकडे सरकतात आणि वरचा सगळा भार डावीकडे झुकतो. सायकलवरही आपण हेच करतो, फक्त कळत नाही. मी पहिल्यांदा मुद्दाम करून पाहिलं तेव्हा पोटात गोळा आला होता.

किती कलायचं, हे मुख्यतः वेग आणि वळणाची त्रिज्या ठरवतात. गाडीचं वजन नव्हे. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटरला साधारण १४ अंश पुरतात, ६० ला जवळपास ३०. वेग दीडपट, कल दुपटीहून जास्त. फाल्गुनात सागाची पानगळ होते, परातीएवढी पानं टायरखाली घसरतात. तेव्हा मी ताशी तीसच्या वर जात नाही.