घाटरस्त्यावरील वाहने व जलपंपाची निगा

बेळगावहून चोर्ला घाटमार्गे गोव्यातील साखळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर खानापूर तालुक्यातील जांबोटी हे गाव आहे. जांबोटीपासून पुढे कणकुंबी व चोर्ल्यापर्यंतचा रस्ता सह्याद्रीच्या दाट रानातून जातो. पाऊस मुबलक, वस्ती विरळ. अशा मुलखात गावातील एखादी जीप हे केवळ प्रवासाचे साधन राहत नाही. आजाऱ्यास किंवा बाळंतिणीस खानापूर अथवा बेळगावच्या रुग्णालयात पोहोचविण्यासाठीही तिचाच आधार असतो. अपरात्री चढणीवर इंजिन तापून गाडी थांबली, तर होणारी हानी पैशात मोजता येत नाही. इंजिन तापण्याच्या अनेक कारणांपैकी जलपंपाचा, म्हणजेच वॉटर पंपाचा बिघाड हे एक प्रमुख कारण होय. तथापि हा पंप बहुधा एकाएकी बंद पडत नाही. तो आधी सूचना देतो. ती सूचना कशी ओळखावी आणि पंप कसा बदलावा, याची माहिती वाहनधारकांस उपयुक्त ठरावी.

पंपाचे कार्य

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी सुमारे एकतृतीयांश भाग शीतकरणाच्या पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो. प्रारंभीच्या मोटारींना पंप नव्हता. १८८८ साली बर्था बेंझ यांनी मानहाइम ते फोर्त्सहाइम हा प्रवास मोटारीने केला, तेव्हा वाटेत ठिकठिकाणी इंजिनात पाणी भरावे लागले होते. पुढे गरम पाणी वर चढते व थंड पाणी खाली येते, या तत्त्वावर काही मोटारी चालल्या. फोर्ड कंपनीच्या १९०८ सालच्या ‘मॉडेल टी’ गाडीतही पहिल्या काही गाड्यांनंतर पंप वगळून हीच पद्धत स्वीकारण्यात आली होती. इंजिनांची शक्ती वाढत गेली, तसा पंप अपरिहार्य ठरला.

शेतकऱ्यांच्या विहिरीवरील पंप आणि मोटारीतील जलपंप यांचे तत्त्व एकच आहे. फिरणारे पंखचक्र पाणी मध्यभागी ओढून घेते व कडेने बाहेर फेकते. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा हा पंप पाणी इंजिनाच्या ब्लॉकमधून व हेडमधून खेळवितो आणि रेडिएटरमध्ये थंड झालेले पाणी पुन्हा ओढून घेतो. एक फरक मात्र ध्यानी ठेवावा. विहिरीवरील पंपाच्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी गळले, तरी काम चालते. मोटारीच्या बंदिस्त व मोजक्या पाण्यात तशी गळती चालत नाही.

रेडिएटरच्या झाकणाचेही महत्त्व येथेच आहे. चोर्ला घाटाची उंची सुमारे ८०० मीटर असून तेथे उघडे पाणी सुमारे ९७ अंश सेल्सिअसला उकळते. झाकण घट्ट असल्यास आतील दाब वाढतो व तेच पाणी ११५ अंशांपलीकडे जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर झिजलेले असेल, तर पंप उत्तम असूनही पाणी उकळून बाहेर पडते.

बिघाडाची पूर्वसूचना

पंपाच्या दांड्यावर पाणी अडविणारे सील व दांडा तोलून धरणारे बेअरिंग असते. सील झिजल्यावर पाणी बेअरिंगमध्ये जाऊ नये म्हणून पंपाच्या खालच्या अंगास एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. त्या छिद्रातून पाणी ठिबकणे, किंवा त्याखाली हिरवट, तांबूस वा पांढरट खरपुडी धरलेली दिसणे, ही पहिली सूचना होय. हे छिद्र बुजवून गळती थांबविण्याचा प्रयत्न काही ठिकाणी केला जातो. तो सर्वथा चुकीचा आहे, कारण त्यामुळे पाणी बेअरिंगमध्ये शिरते आणि पंप अडकून पट्टाही तुटू शकतो.

दुसरी सूचना आवाजाची. इंजिनाच्या पुढील बाजूने घरघर ऐकू येत असेल, तर इंजिन बंद करून पट्टा काढावा व पंपाची पुली हाताने फिरवून पाहावी. ती खरखरीत फिरत असेल किंवा पुढे-मागे हलत असेल, तर बेअरिंग गेले असे समजावे. ज्या वाहनांत पंखा पंपाच्याच दांड्यावर बसविलेला असतो, त्यांत सैल दांड्यामुळे पंखा रेडिएटरवर आदळून त्याचीही नासधूस होते.

तिसरा प्रकार फसवा असतो. गळती नाही, आवाज नाही, तरी गाडी तापते. आतील पंखचक्र गंजून झिजलेले असते किंवा दांड्यावर सैल होऊन नुसते घसरत असते. साधे पाणी वर्षानुवर्षे वापरल्यास असे होण्याचा संभव अधिक असतो.

दोष पंपाचाच आहे काय?

पंप बदलण्यापूर्वी इतर कारणे क्रमाने तपासल्यास खर्च वाचतो. प्रथम पट्टा पाहावा. जुन्या पद्धतीचा व्ही-पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबला असता साधारणपणे अर्धा इंच दबावा. त्याहून फार सैल असल्यास तो घसरतो. नंतर रेडिएटरच्या जाळीत चिखल, गवत वा किडे अडकले आहेत काय, हे पाहावे. सपाट रस्त्यावर वेगात गाडी थंड राहते, परंतु सावकाश चढणीवर किंवा उभी असताना तापते, असे असल्यास पंखा तपासावा.

त्यानंतर थर्मोस्टॅट. तापदर्शक काटा वर गेला असूनही रेडिएटरकडे जाणारा वरचा पाईप थंडच असेल, तर थर्मोस्टॅट अडकल्याचा संशय घ्यावा. तो काढून गरम पाण्याच्या भांड्यात सोडल्यास त्यावर लिहिलेल्या तापमानाच्या सुमारास उघडला पाहिजे. दोष आढळल्यास नवा बसवावा. तो कायमचा काढून टाकण्याची प्रथा हितावह नाही, कारण इंजिन योग्य तापमानास उशिरा पोहोचते, इंधन अधिक लागते व झीज वाढते. याउलट वरचा पाईप अतिशय गरम व खालचा थंड असेल, तर रेडिएटर आतून चोंदला आहे किंवा पंप पाणी ढकलत नाही, असा अर्थ होतो. रेडिएटरमधून पाणी मोकळे वाहत असल्यास दोष पंपाकडेच येतो.

रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, किंवा इंजिनचे तेल दुधाळ होणे, ही हेड गॅस्केट फुटल्याची लक्षणे होत. तेथे पंप बदलून उपयोग नाही.

वाटेत गाडी तापल्यास

काटा तांबड्या खुणेकडे जाताच गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये, कारण उसळलेल्या पाण्याने तोंड व हात भाजतात. इंजिन पुरते निवल्यावरच जाड फडके धरून झाकण उघडावे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडणे तर अत्यंत धोक्याचे आहे. इंजिन बंद होताच ब्रेकला मिळणारे साहाय्य थोड्याच वेळात संपते आणि अनेक गाड्यांत स्टिअरिंगही जड होते. घाटाच्या वळणावर याचे परिणाम काय होतील, ते सांगण्याची आवश्यकता नाही.

पंप बदलण्याची रीत

इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची ऋण तार सोडवावी व कूलंट पसरट भांड्यात काढून घ्यावे. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड परंतु विषारी असल्याने अंगणात, गटारात किंवा ओढ्यात ओतू नये. कुत्री, गुरे वा लहान मुले यांच्यापासून ते दूर ठेवावे.

पट्टा, पंखा व पुली काढल्यावर पंपाचे बोल्ट सोडवावेत. बोल्टांची लांबी भिन्न असू शकते. म्हणून पुठ्ठ्यावर पंपाची आकृती काढून ज्या त्या जागी बोल्ट खोचून ठेवावेत. जुन्या गॅस्केटचे अवशेष हलक्या हाताने खरवडावेत, अ‍ॅल्युमिनियमवर चरे पाडू नयेत. नवा पंप जुन्याशेजारी ठेवून छिद्रे, दांड्याची लांबी व पंखचक्राची दिशा जुळते, याची खात्री करावी. नवे गॅस्केट घालून बोल्ट समोरासमोर, थोडेथोडे आवळावेत. एकच बाजू आधी घट्ट केल्यास पंपाचे ओतीव अंग तडकते.

काही गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर फिरतो. तेथे खुणा एका दात्याने चुकल्या तरी इंजिन बिघडते, आणि अधिक चुकल्यास अनेक इंजिनांत झडपा पिस्टनवर आदळतात. असे काम प्रशिक्षित कारागिराकडेच सोपवावे व त्याच वेळी बेल्ट आणि त्याचा ताण राखणारी पुलीही बदलून घ्यावी.

अखेरीस निर्मात्याने सांगितलेले कूलंट शुद्ध पाण्यात दिलेल्या प्रमाणात मिसळून भरावे. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने आत थर धरतो व पावसाळी ओढ्याच्या पाण्याने गाळ साचतो. अशा पाण्याचा उपयोग केवळ अडचणीच्या वेळी करावा. आत अडकलेली हवा काढून टाकावी, इंजिन तापेपर्यंत चालवावे आणि निवल्यावर पातळी पुन्हा पाहावी.

दर आठवड्यास थंड इंजिनात कूलंटची पातळी पाहण्यास व पंपाखाली एक नजर टाकण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. पातळी वारंवार उतरत असेल, तर नुसती भर घालून न थांबता पाणी कोठे जाते याचा शोध घ्यावा. शाळेतील शिक्षकांनी उत्कलनबिंदू व दाब यांचा पाठ शिकविताना रेडिएटरच्या झाकणाचे उदाहरण द्यावे. पंपाची किंमत इंजिनाच्या दुरुस्तीपुढे अल्प असते. गळका पंप वेळीच बदलल्यास गावची गाडी ऐन अडचणीच्या रात्री घाट चढून जाईल.