व्याज नको, नफा चालेल!

चिखलीत राहणारा माझा मित्र चाकणला कामाला जातो. त्याला सेकंड हँड बाइक घ्यायचीये. कर्ज मिळत होतं, पण व्याज द्यायचं नाही म्हणून तो अजून बसनेच जातो.

मग इस्लामिक बँकिंगमध्ये पैसे फुकट मिळतात का? तर नाही! तिथे मनाई पैशावर पैसा कमावण्याला आहे, व्यापारातल्या नफ्याला नाही. 'मुराबहा'त बँक बाइक स्वतः विकत घेते आणि आपला नफा उघड सांगून तुम्हाला हप्त्यांवर विकते. ठरलेली किंमत नंतर वाढत नाही. 'मुदारबा'त भांडवल बँकेचं, मेहनत तुमची. नफा वाटून घ्यायचा; धंदा बुडाला तर पैसा तिचा जातो, मेहनत तुमची.

आपल्याकडे अडतं कुठे? १९४९च्या बँकिंग नियमन कायद्यानुसार बँकेला मालाचा व्यापार करता येत नाही. २००८मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली. २०१६मध्ये सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेने बार्शीत बिनव्याजी कर्जं देऊनही पाहिली. पण २०१७मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवलं.

मित्राने सध्या कंपनीतल्या पोरांसोबत भिशी लावलीये. चिठ्ठी टाकून नंबर काढायचा. व्याज नाही, बोली नाही. त्याची चिठ्ठी निघेपर्यंत बस आहेच!