दहा पावलं पुढे उभा केलेला धाकटा

लहानपणी अंगणात पळण्याची शर्यत लागली की आमचे अप्पा एक नियम करायचे. थोरल्याला चुन्याच्या रेघेवर उभं करायचं आणि धाकट्याला दहा पावलं पुढे. "आता दोघं सारखे," असं म्हणून ते टाळी वाजवायचे. जिंकेल त्याला शेंगदाण्याचा लाडू, हरेल त्याला अर्धा. कुणाचं काही जात नव्हतं. ही दहा पावलं पुढे कधी एखाद्या घराला दीड लाखाला पडतील, असं त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो.

२०२५ च्या जून महिन्यात सुरतेहून मावसभावाचा फोन आला. आवाज पडलेला. "अक्का, अव्वाला सांगू नकोस. माझ्या हातून फार मोठी चूक झालीय." बरंच आढेवेढे घेतल्यावर कळलं, की साठवलेले पैसे गेले होते, वर मित्रांकडून घेतलेली उसनवारी होती. सगळे मिळून दीड लाख. आणि हे पैसे गेले कशावर, तर अमेरिकेतल्या बास्केटबॉलवर!

इचलकरंजीच्या पोराचा आणि अमेरिकेच्या बास्केटबॉलचा संबंध काय, हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. संबंध होता तो घड्याळाचा. हा मुलगा यंत्रमागाच्या कामात तयार झालेला. आपल्या भागातून अनेक जण कामासाठी जातात तसा २०१८ साली सुरतेला गेला. उधन्याला खोली. शेजारी सगळे खानदेशातले, त्यामुळे मराठीची उणीव नाही. कानडी मात्र फक्त फोनवर अव्वाशी. कारखान्यात बारा तासांची पाळी, संध्याकाळी सात ते सकाळी सात. पाळी सुटून खोलीवर आलं की कानात मागांचा खडखडाट चालूच, झोप लागत नाही. मग मोबाईल. अमेरिकेत रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे सहा वाजलेले असतात. म्हणजे क्रिकेटवाले झोपलेले असताना तिकडचा बास्केटबॉल ऐन रंगात असतो. पाळीतल्याच कुणीतरी एक साइट दाखवली आणि सुरुवात झाली.

दुबळ्याची बाजू

त्याला पैशाची हाव होती असं मी म्हणणार नाही. त्याला पहिल्यापासून हरणाऱ्या संघाबद्दल माया. २०१९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरतेच्या लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमवर भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्या महिला संघांचे वीस षटकांचे सामने झाले. हा मित्रांबरोबर पाहायला गेला होता. २४ सप्टेंबरच्या पहिल्या सामन्यात पंधरा वर्षांची शफाली वर्मा भारताकडून प्रथमच खेळली आणि शून्यावर बाद झाली. तरी भारत अकरा धावांनी जिंकला. पुढे दोन सामने पावसात वाहून गेले, दोन भारताने जिंकले. मालिका हातची गेलेल्या आफ्रिकेने ४ ऑक्टोबरला शेवटच्या सामन्यात १७५ धावा काढल्या आणि भारताला ७० धावांत गुंडाळलं. १०५ धावांनी विजय! आपला संघ हरला तरी हा पठ्ठ्या फोनवर आफ्रिकेच्या पोरींचं कौतुक करत होता. "अक्का, सगळं संपल्यावर कशा उठल्या बघ!" त्या आनंदाला एक पैसाही लागला नव्हता.

साइटवाल्यांनी नेमकी हीच माया पकडली.

सूट म्हणजे काय?

सट्ट्याच्या या प्रकाराला पॉइंट स्प्रेड म्हणतात. शोधाचं श्रेय साधारणपणे शिकागोच्या चार्ल्स मॅकनील यांना दिलं जातं. हे गृहस्थ गणिताचे शिक्षक होते आणि १९४० च्या दशकात ही पद्धत रूढ झाली. कल्पना आमच्या अप्पांचीच. बलाढ्य संघ आणि दुबळा संघ समोरासमोर असले की दुबळ्यावर कोण पैसे लावणार? म्हणून दुबळ्याला काही गुणांची सूट द्यायची. त्याने सामना हरला तरी चालेल, सुटीपेक्षा कमी फरकाने हरला की त्याच्यावर लावणारा जिंकला.

सुरतेचाच सामना घ्या. समजा त्या पहिल्या सामन्यात आफ्रिकेला पंधरा धावांची सूट दिली असती. आफ्रिका अकरा धावांनी हरली, पण पंधरांच्या आत हरली; म्हणजे तिच्यावर पैसे लावणारा जिंकला असता. ऐकायला किती न्याय्य वाटतं, नाही?

२०२५ च्या एनबीए अंतिम मालिकेत ओक्लाहोमा सिटी हा बलाढ्य संघ आणि इंडियाना दुबळा. पहिल्या सामन्यात इंडियानाला नऊ-दहा गुणांची सूट होती. आपल्याकडे ६ जूनची सकाळ. शेवटच्या भागात इंडियाना १५ गुणांनी मागे होता. तिथून त्यांनी पाठलाग केला आणि अवघे ०.३ सेकंद उरले असताना टायरीस हॅलिबर्टनने चेंडू बास्केटमध्ये टाकला. १११-११०. अख्ख्या सामन्यात इंडियाना पुढे होता तो तेवढाच क्षण. आमच्या भावाला त्या सकाळी पैसे मिळाले, आणि पैशांहून वाईट म्हणजे, "मला खेळ कळतो" असा विश्वास मिळाला.

पुढच्या सहा सामन्यांत इंडियाना दोनच जिंकला. २३ जूनच्या सकाळी सातवा, निर्णायक सामना. सात-आठ गुणांची सूट. भावाने उसने घेतलेले सगळे लावले. पहिल्याच भागात हॅलिबर्टन पायाच्या दुखापतीने बाहेर गेला आणि ओक्लाहोमा १०३-९१ असा बारा गुणांनी जिंकला. फोन आला तो त्यानंतर.

हिशेब पाटीवर मांडू

"नशीब खराब होतं," असं तो म्हणत होता. मी म्हटलं, नशीब बाजूला ठेव, आपण पाटीवर मांडू. या सट्ट्यात साधारण रीत अशी, की १०० रुपये जिंकायचे तर ११० रुपये लावावे लागतात. सूट अशी ठरवतात की दोन्ही बाजू जवळपास सारख्या व्हाव्यात. म्हणजे शंभर वेळा लावले तर साधारण पन्नास वेळा जिंकणार, पन्नास वेळा हरणार. जिंकल्याचे पाच हजार आले, हरल्याचे साडेपाच हजार गेले. पाचशे रुपये खिशातून कमी! नुसती बरोबरी साधायची तर शंभरातले बावन्नहून जास्त सामने बरोबर ओळखावे लागतात, आणि तेही वर्षानुवर्षं.

"पण मला संघाची माहिती होती," तो म्हणाला. असेल. पण कोण जखमी आहे, कोण थकलेला आहे, कोण घरच्या मैदानावर खेळतोय, हे सगळं सूट ठरवणाऱ्यालाही ठाऊक असतं. तुमची माहिती त्या आकड्यात आधीच मुरलेली असते. शिवाय बास्केटबॉलमध्ये सात गुणांनी मागे असलेला संघ शेवटच्या मिनिटात घड्याळ थांबवण्यासाठी मुद्दाम फाउल करतो. समोरच्याला फ्री थ्रो मिळतात आणि सातचा फरक दहा होतो. सामन्याचा निकाल तोच राहतो, पण सूट साडेनऊची असेल तर तुमचे पैसे बुडाले. दुबळ्याची बाजू घेणारा माणूस जीव मुठीत धरून ते निरर्थक दोन-तीन गुण मोजत बसतो. यात खेळाची माया कुठे उरली?

खेळाडूही या जाळ्यात

या सुटीने खेळाचंही मोठं नुकसान केलं आहे. सामना हरायला सांगितलं तर खेळाडूचं मन धजत नाही. पण "जिंका, फक्त थोड्या कमी फरकाने जिंका," असं सांगितलं की मन स्वतःची समजूत घालतं. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने १९५० साली देशातल्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि १९५१ साली त्याच संघातले खेळाडू फरक कमी ठेवण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल पकडले गेले. एप्रिल २०२४ मध्ये एनबीएने जॉन्टे पोर्टर या खेळाडूवर सट्टेबाजांना आतली माहिती दिल्याबद्दल आजन्म बंदी घातली.

आणि समोर खरा सामना चालू आहे, याची तरी काय खात्री? २०२२ च्या जुलैमध्ये गुजरातेतच, मेहसाणा जिल्ह्यात, शेतात मैदान तयार करून बनावट "आयपीएल" भरवल्याचं पोलिसांनी उघड केलं. शेतमजुरांना आणि बेकार तरुणांना संघांच्या जर्सी घालून उभं केलं होतं, आणि रशियातले लोक त्यावर पैसे लावत होते.

घरातल्यांनी काय पाहावं?

सट्टा आधीही बेकायदाच होता. महाराष्ट्रात आणि गुजरातेत १८८७ च्या जुन्या मुंबई कायद्याचा वारसा आहे, कर्नाटकात १९६३ चा पोलीस कायदा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना. पैसे लावून फसलेल्याला नाही. म्हणून अशा मुलाने भीतीपोटी लपवू नये आणि घरच्यांनीही लपवू देऊ नये. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावं. मन खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.

खुणा साध्या असतात. पगार होऊनही महिन्याच्या दहा तारखेला उसने मागणं, वेळी-अवेळी मोबाईल उलटा ठेवणं, अनोळखी नावांच्या खात्यांवर पैसे पाठवणं. आणि सगळ्यांत वाईट खूण म्हणजे "गेलेले तेवढे परत आले की सोडतो," हे वाक्य. कानडीत बाजी "कट्टु" म्हणतात, मराठीत पैज "लावतो". एकीकडे बांधायचं, दुसरीकडे लावायचं. सोडायचं कसं, ते मात्र दोन्ही भाषांतल्या धर्मराजाला जमलं नव्हतं.

मावशीला अखेर मीच सांगितलं. वाटलं होतं, ती आकांत करेल. ती बराच वेळ चुलीकडे बघत बसली, मग म्हणाली, "रोक्का होदर होगलि, मगा उळिबेकु." पैसे गेले तर जाऊ देत, पोरगा राहिला पाहिजे. त्याच संध्याकाळी तिने त्याला फोन लावला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. त्या महिन्यापासून त्याचा पगार आला की आधी अव्वाकडे येतो, उसनवारीचा हप्ता तिथून जातो, खर्चाचे तेवढे त्याच्याकडे परत. अजून बरेच हप्ते बाकी आहेत.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्याची मानकरी ठरली शफाली वर्मा, ८७ धावा. मध्यरात्र उलटून गेल्यावर फोन वाजला. "अक्का, आठवतंय ना? हीच सुरतेला शून्यावर गेली होती! मी होतो तिथे!"

मी आधी विचारलं, "पैसे लावले नव्हतेस ना?"

"नाही गं," तो म्हणाला. "नुसता बघितला."