जुन्या गेमचा फ्रेम रेट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुना गेम नव्या ग्राफिक्स कार्डावर अडखळत असेल, तर कार्ड कमी पडते म्हणून नव्हे. २००५ च्या आसपासच्या गेमना आजच्या साध्या कार्डाच्या ताकदीचाही थोडाच वाटा लागतो. तरी ड्रायव्हरच्या कंट्रोल पॅनेलमधली दिसेल ती सेटिंग ‘परफॉर्मन्स’वर नेऊन ठेवली जाते, कारण फ्रेम रेट कार्डच ठरवते असा समज पक्का आहे. प्रत्यक्षात प्रत्येक फ्रेमची सुरुवात प्रोसेसरपासून होते. कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, पडद्यावर काय रंगवायचे, हे सारे तो ठरवतो आणि मगच काम कार्डाकडे जाते. त्या काळचे बहुतेक गेम हे काम एकाच कोअरवर करतात. प्रोसेसर आठ कोअरचा असला तरी बाकीचे सात जवळजवळ रिकामे बसतात. अडसर कुठे आहे हे तपासणे सोपे आहे. गेमचे रिझोल्यूशन १९२० × १०८० वरून ८०० × ६०० वर आणावे. फ्रेम वाढल्या नाहीत, तर कार्डाच्या सेटिंग चाळवण्यात अर्थ नाही. त्याच कारणाने टेक्श्चर फिल्टरिंगची गुणवत्ता उतरवूनही अशा गेममध्ये हाती काही लागत नाही. जमीन आणि भिंती तेवढ्या पुसट दिसतात.

दोन सेटिंग मात्र खरोखर उपयोगी पडतात. काम हलके असले की कार्ड वीज वाचवण्यासाठी आपला वेग उतरवते, आणि जुन्या गेममध्ये ते कधीकधी त्याच मंद वेगावर अडकून राहते. एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट मोड’ला ‘प्रिफर मॅक्झिमम परफॉर्मन्स’ निवडले की हे थांबते. ही निवड ‘प्रोग्राम सेटिंग्ज’मध्ये त्या एका गेमपुरती करावी, ‘ग्लोबल’मध्ये केली तर नुसते डेस्कटॉप उघडे असतानाही कार्ड तापत राहते. दुसरी गोष्ट लॅपटॉपची. त्यात बहुधा दोन ग्राफिक्स चिप असतात आणि जुना गेम अनेकदा प्रोसेसरमधल्या दुबळ्या चिपवरच सुरू होतो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधील ‘ग्राफिक्स’ विभागात त्या गेमला ‘हाय परफॉर्मन्स’ लावल्यावर फरक लगेच दिसतो.

काही मर्यादा गेमच्या पोटातच असतात. काउंटर-स्ट्राइक १.६ मध्ये इंजिनानेच दीर्घकाळ १०० फ्रेमची सीमा घातली होती; ड्रायव्हरमध्ये काहीही बदलले तरी ती हलत नसे. जीटीए सॅन अँड्रियासचा फ्रेम लिमिटर सेकंदाला सुमारे २५ फ्रेमवर थांबतो. तो बंद केला की चित्र गुळगुळीत होते, पण गेमची काही गणिते फ्रेमच्या संख्येला बांधलेली असल्याने पोहण्याचा वेग मंदावतो. स्कायरिममध्ये (२०११) ६० च्या पुढे गेल्यावर टेबलावरची भांडी आपोआप उडू लागतात. अशा गेममध्ये जास्त फ्रेम म्हणजे बिघाडच.

मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर ३०० फ्रेम निरर्थक, हा समज अर्धाच खरा आहे. पडदा सेकंदाला ६० वेळाच बदलतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी. पण ३०० फ्रेम असतील तर दाखवले जाणारे चित्र जेमतेम ३.३ मिलिसेकंदांपूर्वी सुरू झालेल्या कामाचे असते आणि माउसचा प्रतिसाद ताजा वाटतो. त्याची किंमत म्हणजे चित्र मधोमध फाटल्यासारखे दिसणे. व्ही-सिंक ते थांबवते, पण प्रतिसाद थोडा उशिरा येतो. व्ही-सिंकबरोबर ‘ट्रिपल बफरिंग’ही चालू करावे असा सल्ला सर्रास मिळतो; एनव्हिडियाच्या पॅनेलमधला तो पर्याय फक्त ओपनजीएलवरच्या गेमना लागू होतो, डायरेक्टएक्सच्या गेमना नाही.

फ्रेम मोकळ्या सोडण्यात नुकसान काय, या प्रश्नाचे उत्तर वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवीसारख्या ठिकाणी मे महिन्यात मिळते. बाहेर पारा चाळिशीपार असतो आणि कार्डाचा पंखा कार्डाला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ६५ वर राहणारे कार्ड ४० अंशांच्या खोलीत त्याच कामाला ८० च्या घरात जाते. जीटीएक्स १०८० सारखे कार्ड ८३ अंशांजवळ आले की स्वतःच वेग कमी करते, म्हणजे ज्या फ्रेमसाठी खटाटोप केला त्याच घटतात. (कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडणे हा उपाय नव्हे, त्याबरोबर पाण्याचे तुषारही आत जातात.) स्टारक्राफ्ट २ आला तेव्हा, २०१० मध्ये, मेनूचा स्थिर पडदाच अमर्याद वेगाने रंगवला जाऊन काहींची कार्डे तापली आणि ब्लिझार्डला फ्रेमवर मर्यादा घालण्याची युक्ती जाहीर करावी लागली. एनव्हिडियाने ‘मॅक्स फ्रेम रेट’ हा पर्याय २०२० च्या जानेवारीत पॅनेलमध्येच दिला. ६० हर्ट्झच्या पडद्यासाठी उन्हाळ्यात तो १२० च्या आसपास ठेवणे शहाणपणाचे.

नवे कार्ड जुन्या गेमला नेहमीच चांगले, हेही खरे नाही. इंटेलची आर्क कार्डे २०२२ मध्ये आली तेव्हा डायरेक्टएक्स ९ चे गेम त्यांवर अपेक्षेपेक्षा बरेच मंद चालत, कारण जुन्या आज्ञा डायरेक्टएक्स १२ मध्ये बदलून चालवल्या जात होत्या. २०२३ च्या सुरुवातीच्या ड्रायव्हरने त्यात मोठी सुधारणा केली. त्याहून जुन्या, एज ऑफ एम्पायर्स २ (१९९९) सारख्या द्विमित गेमची चित्रे तर बहुतांशी प्रोसेसरच रंगवतो. तिथे कार्डाची सेटिंग कामाची नाही. गेमच्या फोल्डरमध्ये सीएनसी-डीड्रॉसारखी पर्यायी फाइल ठेवली की काम भागते.