रुळावरची साय

१७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे धावू लागली. बीडच्या एका वाचकाने विचारलं आहे : इतके नवे रूळ, तरी बाजूंनी तांबूस कसे? माल निकृष्ट आहे का?

नाही. चाकं घासतात तो माथा लखलखतो, बाजू गंजतात. सगळीकडे असंच असतं. कोरड्या हवेत ही झीज फार सावकाश होते. खरा धोका वरून दिसत नाही. रुळाचा तळ जिथे त्याला धरून ठेवणाऱ्या क्लिप आणि लायनरखाली दबतो, तिथे ओल साचून लोखंड पातळ होत जातं. थंडीच्या पहाटे वेल्ड करून सलग जोडलेला रूळ आकसू पाहतो, ताण वाढतो आणि अशाच जागी तडा जाण्याची भीती असते. म्हणून क्लिप काढून जागा साफ करायची, ग्रीस लावायचं, हे ट्रॅकवरच्या माणसांचं नेमाचं काम आहे.

आपल्याकडे गाड्यांतल्या उघड्या शौचालयांनी या गंजाला अनेक दशकं खतपाणी घातलं. अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांच्या रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ साली रेल्वेला बजावलं, की पाच वर्षांत सगळ्या डब्यांतली शौचालयं बदला. पुढे जैवशौचालयं आली. बीडचे रूळ त्यानंतरचे, हे त्यांचं भाग्यच.

या विषयात माझे आवडते शास्त्रज्ञ म्हणजे आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम. दिल्लीच्या लोहस्तंभाचं कोडं त्यांनी उलगडलं. हा स्तंभ गंजतच नाही, असं सांगणारे संदेश फिरत असतात. ते खोटं आहे. सोळाशे वर्षांचा हा स्तंभ गंजला आहे, जमिनीखालच्या भागाला तर खड्डे पडले आहेत. पण जुन्या कारागिरांच्या कोळशाच्या भट्टीत चुनखडी नसल्यामुळे लोखंडात फॉस्फरस राहून गेला. त्यामुळे वर जो गंज धरला तो दुधावरच्या सायीसारखा, घट्ट आणि सलग. साध्या लोखंडावरचा गंज भिंतीच्या पोपड्यांसारखा सुटतो. प्रत्येक पोपड्याबरोबर खालचं ताजं लोखंड उघडं पडतं. गंज थांबवायचा नाही, त्याला साय व्हायला लावायचं! मला या कल्पनेचं अजून अप्रूप वाटतं.

स्तंभामुळे त्यांचं नाव झालं. पण याच माणसाने रुळांच्या पोलादात तांबं, निकेल, क्रोमियम अगदी थोडं मिसळून गंजाला टिकणारे रूळ घडवण्यावर वर्षानुवर्षं काम केलं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. २००९ साली, पन्नाशीही गाठण्याआधी, ते गेले. त्यांचं रुळांचं काम मला स्तंभाइतकंच मोठं वाटतं.

गंज रोखणारा अभियंता हेच करतो : धातू, पाणी, क्षार आणि वीज यांचं गणित मांडतो. परळीच्या औष्णिक केंद्रातल्या बॉयलरच्या नळ्या, साखर कारखान्यात आंबट रस झेलणारे रोलर, पाण्याच्या पाइपलाइनी. बीड जिल्ह्यातच त्याला आयुष्यभराचं काम आहे. बारावीनंतर कॉम्प्युटरच घ्यायचा, असं ठरवून बसलेल्या मुलामुलींनी प्रवेशअर्ज भरताना मेटलर्जीचं, म्हणजे धातुशास्त्राचं, पान एकदा जरूर उघडावं.