ओळख मृग नक्षत्राची : रात्रीच्या आकाशात आणि पेरणीच्या वहीत

मृग, आर्द्रा, हस्त ही नावे आपल्या तोंडी रोजची आहेत. पण ज्या तारकांवरून ही नावे पडली त्या आकाशात दाखवा म्हटले, तर आपल्यापैकी किती जणांना दाखवता येतील? रब्बीच्या गव्हाला रात्री पाणी देताना आपण तासन् तास उघड्या आभाळाखाली असतो. शहरातील माणसाला न मिळणारा अंधार आपल्याला फुकट मिळतो. त्याचा उपयोग करून घ्यावा.

लागणारे साहित्य

1) विजेरी : काचेवर लाल जिलेटीन कागद बांधावा. अंधाराला डोळे सरावण्यास 20 ते 30 मिनिटे लागतात. पांढऱ्या उजेडाने ती मेहनत वाया जाते. वाटेने जाता-येता मात्र विंचू-काट्यासाठी पूर्ण उजेड आणि पायात बूट हवेतच.
2) दिनदर्शिका किंवा पंचांग : त्यात चंद्राचे रोजचे नक्षत्र दिलेले असते.
3) आकाशाचा नकाशा : छापील किंवा मोबाइलवरील. मोबाइलचा उजेड कमीत कमी ठेवावा.
4) वही व पेन्सिल.

दुर्बिणीची घाई करू नये. पहिले वर्षभर डोळे पुरेसे आहेत. पुढे घ्यायचीच झाल्यास दोन्ही डोळ्यांनी पाहण्याची 7×50 किंवा 10×50 मापाची साधी दुर्बीण घ्यावी. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. दृष्टी कायमची जाऊ शकते.

सुरुवात कशी करावी?

डिसेंबरच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास पूर्वेकडे तोंड करून उभे राहावे. एका ओळीत जवळजवळ असलेले तीन तारे दिसतील. हा मृगाच्या पोटात घुसलेला बाण. भोवतीचे चार ठळक तारे म्हणजे मृगाचे चार पाय. बाणाची रेघ खाली क्षितिजाकडे वाढवली की व्याध भेटतो. रात्रीच्या आकाशातील हा सर्वांत तेजस्वी तारा. तीच रेघ वर वाढवली की तांबूस रोहिणी आणि त्यापुढे कृत्तिकांचा झुबका लागतो. एका रात्रीत एवढी ओळख पुरे.

हात लांब करून मूठ आकाशावर धरली, की तिची रुंदी सुमारे 10 अंश भरते. उत्तर क्षितिजापासून साधारण दोन मुठी वर ध्रुवतारा असतो, कारण महाराष्ट्र सुमारे 16 ते 22 अंश अक्षांशांत आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीस संध्याकाळी सप्तर्षी वर आले, की त्यांच्या चौकोनातील पुलह व क्रतू या ताऱ्यांची रेघ पुढे वाढवून ध्रुव शोधावा.

चंद्र रोज सुमारे 13 अंश, म्हणजे साधारण एक नक्षत्र पूर्वेकडे सरकतो. पंचांगातील चंद्रनक्षत्र पाहावे आणि रात्री चंद्राशेजारी कोणते तारे आहेत ते वहीत टिपावे. महिनाभरात बरीच नक्षत्रे ओळखीची होतील.

मृग लागतो तेव्हा मृग का दिसत नाही?

कोणताही तारा रोज सुमारे 4 मिनिटे लवकर उगवतो. महिन्याला दोन तास. त्यामुळे डिसेंबरात पूर्वेला दिसणारा मृग एप्रिलअखेर संध्याकाळी पश्चिमेला उतरतो आणि मेअखेर संधिप्रकाशात हरवतो. 7-8 जूनला 'मृग लागला' म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला. सूर्याबरोबरच उगवणारे व मावळणारे तारे दिसणार कसे? जुलैच्या मध्यानंतर ते पहाटे पूर्वेला पुन्हा दिसू लागतात.

आता महत्त्वाचा मुद्दा. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो. त्याची एक फेरी सुमारे 26,000 वर्षांची असते. त्यामुळे ऋतूंच्या मानाने नक्षत्राची तारीख सुमारे 72 वर्षांत एक दिवस पुढे जाते. आजच्या दिनदर्शिकेच्या हिशेबाने हजार वर्षांपूर्वी मृग मेच्या शेवटच्या आठवड्यात लागत होता. पाऊस मात्र ऋतूबरोबर येतो, नक्षत्राबरोबर सरकत नाही. नक्षत्राचे 'वाहन'ही गणिताने ठरते. त्यात ढग, वारा, ओल यांची मोजणी नसते.

म्हणून मृगाची तारीख मशागत, बियाणे व अवजारे तयार ठेवण्याची खूण समजावी. चाड्यावर मूठ धरावी ती 75 ते 100 मि.मी. पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावरच. पहिल्या सरीवर पेरून पुढे खंड पडला, तर दुबार पेरणीचा खर्च आपल्याच अंगावर येतो. शेतात पर्जन्यमापक बसवावा आणि हवामान खात्याचा अंदाज पाहावा.

अधिक माहितीसाठी मुंबईचे नेहरू तारांगण, नागपूरचे रमण विज्ञान केंद्र, तसेच पुण्यात 1944 साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था यांचा लाभ घ्यावा.

येत्या अमावास्येच्या आसपास मुलांना घेऊन शेतात बाज टाका. एका वहीत तारे टिपा, दुसऱ्या वहीत पावसाचे मिलिमीटर. पहिली वही आकाश ओळखायला शिकवील, दुसरी पेरणीची वेळ सांगेल.