धिप्पाड माणसाची स्लीपिंग बॅग

रेवदंडा, काशीद, मुरूड, दिवेआगर असा किनारा पाठीवर सॅक घेऊन फिरायचा असेल आणि अंगापिंडाने तुम्ही आडवे असाल, तर स्लीपिंग बॅग घेताना उंचीइतकाच घेरही बघा. दुकानदार उंची विचारतो. अडतं मात्र खांद्यांशी आणि पोटाशी. हात अंगालगत ठेवून खांद्यांभोवती टेप फिरवा. बॅगेचा आतला घेर त्याहून 15-20 सेंमी तरी जास्त हवा, कुशीवर झोपणाऱ्याला आणखी थोडा. बॅग तंग झाली की आतलं भरण दबतं, त्यात अडकलेली हवा निघून जाते आणि नेमकं तिथेच गार लागतं.

पायाकडे निमुळती होणारी ‘ममी’ बॅग हिमालयात ठीक. आपल्या किनाऱ्यावर जानेवारीतही रात्रीचा पारा सहसा 15 अंशांखाली उतरत नाही. इथे चौकोनी, पायापर्यंत चेन उघडणारी बॅग बरी. उकडलं तर तिचंच पांघरूण होतं. पिसांच्या महागड्या भरणाच्या नादी लागू नका. दमट हवेत आणि पहाटेच्या दवात पिसं चपटी होतात. सिंथेटिक भरण थोडं जड, पण लवकर वाळतं.

पैसे देण्याआधी दुकानातच आत शिरा, चेन गळ्यापर्यंत ओढा आणि कूस बदलून बघा. लोक बघतील, बघू देत.